एक सोडून सर्वांच्या मते

बोरसेबाईंनी कुणाची कधी माफी मागितली नाही, असं आमच्या शाळेत सगळेच म्हणतात. ते खरं नाही. एकदा मागितली होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. अळीची मागितली होती.

हे आत्ता लिहायला बसले, कारण परवा शाळेच्या ट्रस्टनं माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला कधी साधी तंबीसुद्धा मिळालेली नाही. खुलासा कसा लिहितात तेच मला ठाऊक नव्हतं. बाईंना मात्र त्याची सवय होती. त्यांच्या कपाटात खुलाशांची एक वेगळी फाइल होती आणि त्या ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवत.

आमची शाळा सुरतेत, गोडादऱ्याला. मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. मुलं सगळी खानदेशातून आलेल्या घरांची. कुणाचे वडील लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कुणाचे पलसाण्याकडे कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये, आया घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या. माझा नवरा बँकेत. त्याची बदली इकडे झाली आणि घरात बसून करायचं काय म्हणून मी शाळेत लागले. मला चौथी मिळाली आणि वाचनालयाचं कपाट मिळालं. बाईंकडे तिसरी. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, उंच कपाटं उभी केलेली होती. त्यामुळे मी माझ्या वर्गाला भागाकार शिकवत असताना अर्धा कान कायम तिसरीत असायचा.

बाई उंच, काटक, शिरपूरकडच्या. कॉटनची साडी, पदर खोचलेला, पायात रबरी चप्पल. मुलं त्यांना बाई म्हणत आणि ट्रस्टी बेन म्हणत. रागावल्या की त्या मराठीतून थेट अहिराणीत उतरत, आणि त्या उतरल्या की वर्ग ताठ होई.

मी लागले त्याच वर्षी एका मुलीनं कंपासपेटीतून अळी आणली. पांढरे, काळे, पिवळे पट्टे असलेली. बाईंना अळ्यांची किळस. त्यांनी पेटी उपडी केली आणि अळी चपलेखाली चिरडली. "असली घाण वर्गात आणायची नाही," एवढंच म्हणाल्या. मुलगी रडली नाही. आठ-दहा दिवसांनी तिनं श्रीखंडाचा रिकामा डबा आणला आणि सगळ्यांसमोर उघडला. आतून केशरी फुलपाखरू निघालं आणि ट्यूबलाइटवर जाऊन बसलं. "बाई, माझ्याकडं दुसरी होती. तुमी मारली ती पण अशीच झाली असती," ती म्हणाली.

मला वाटलं, आता मुलीची धडगत नाही. बाईंनी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चला." सगळा वर्ग त्यांच्यामागून शाळेच्या परसात गेला. मीही गेले. माझ्या भागाकाराचं तसंही काही खरं नव्हतं. परसात मातीचा एक तुकडा होता, त्यात गवत, एरंड आणि रुईचं मोठं झुडूप. त्याच रुईवरून अळी आली होती. बाईंनी झुडपासमोर हात जोडले. "चुकले. माहीत नसताना मारलं. पुन्हा नाही मारणार." मुलं खुसखुसली.  दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी पहिल्या बाकावर होती.

तिथून बाई सुटल्याच. पंचावन्न टक्के पगार बालसाहित्यात घालवतात असं आम्ही त्यांना चिडवायचो. रोज शेवटच्या तासाला त्या गोष्ट वाचत. वाचायच्या फार छान, मुंगी बोलली की आवाज मुंगीचा आणि म्हैस बोलली की म्हशीचा. पण गोष्ट अर्ध्यावर आली की पुस्तक फटकन मिटत. "उरलेली परसात आहे. शोधा." प्रत्येक मुलाकडे पुठ्ठ्याची एक नळी असायची. लूमवरचा धागा ज्या नळीला गुंडाळून येतो तीच. खात्यात रिकाम्या नळ्यांचा ढीग पडलेला असतो. नळी डोळ्याला लावायची आणि तेवढ्याच गोलातलं बघायचं. "सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही," असं त्या म्हणत. गोष्टीचा उरलेला भाग मुलांनी सांगायचा आणि त्यात परसात बघितलेली एक तरी गोष्ट आली पाहिजे. आली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा परसात.

एका पुस्तकात मुंग्यांचा राजा होता. मुकुट, मिशा, सगळा थाट. मुलं गुळाचा खडा घेऊन तीन आठवडे वारुळापाशी बसली. पुढं कपाट आवरताना ते पुस्तक माझ्या हाती आलं. राजाच्या चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलेलं: "राजा सापडला नाही. तिसरी." दुसऱ्या पुस्तकात कोळ्याचं चित्र: "पाय सहा काढलेत. आठ असतात. आम्ही मोजले. बाकी गोष्ट चांगली आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कपाटाची जबाबदारी माझी. मी पुस्तकं नाचवत त्यांच्या वर्गात गेले. "बाई, ही शाळेची पुस्तकं आहेत!"

"मग? शाळेच्या पुस्तकाला चुकायची परवानगी आहे का?"

"गोष्ट आहे हो ती. गोष्टीत राजा असतो."

"असू दे की. मला काय राजाचं वावडं आहे? गोष्टीत राजा आहे आणि वारुळात नाही, दोन्ही पोराला ठाऊक पाहिजे. एकच ठाऊक असलेली माणसं आपल्याकडं भरपूर आहेत." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी तणतणत परतले आणि आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी मी घरी एक कोळी पकडून पाय मोजले.

पूजा नावाची मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. परीक्षेत प्रश्न आला, पाण्याला रंग असतो का? पूजानं लिहिलं, "शाळेच्या नळाच्या पाण्याला नसतो. आमच्या घरामागच्या खाडीच्या पाण्याला असतो. परवा जांभळा होता, काल हिरवा." बाईंनी पूर्ण मार्क दिले. त्या वर्षी पेपर बघायला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांनी लाल गोल केला आणि बाईंना बोलावलं. पुस्तकात पाणी रंगहीन आहे, म्हणाले.

"साहेब, पुस्तक लिहिणारा गोडादऱ्याला आला नसेल."

"तुम्ही मुलांना चुकीचं शिकवताय."

"मी काही शिकवलंच नाही. ती बघून आली. न बघता रंगहीन लिहिलं असतं तर मीच मार्क कापले असते."

साहेबांनी मार्क कापायला लावले. बाईंनी कापले नाहीत. त्या फाइलीतला तो पहिला खुलासा.

परसातली रुई ही गल्लीतल्या बायकांचीही होती. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. सकाळी शाळा भरायच्या आत आया मागच्या फाटकातून यायच्या आणि पानं ओरबाडून न्यायच्या. पानांच्या मागं त्या फुलपाखरांची अंडी असतात, राईच्या दाण्याहूनही लहान. ती माळेत ओवली जायची. बाईंना हे कळलं त्या शनिवारी त्या सात वाजता फाटकात उभ्या. मला वाटलं, आता बायकांना हाकलून देतील. तसं नाही झालं. त्यांनी तिसरीची आठ-दहा मुलं बोलावली होती. आईनं पान धरायचं, मुलानं नळीतून मागची बाजू बघायची. पान कोरं असेल तर आईनं तोडायचं. अंडं असेल तर पान झाडालाच राहणार. रुईचा चीक डोळ्याला वाईट, म्हणून मुलांनी पान तोडायचं नाही आणि नंतर साबणानं हात धुवायचे. "मारुतीला कोरं पान चालतं, भरलेलं चालत नाही," असं बाईंनी सांगून टाकलं. हे कुठल्या पोथीत आहे असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

"बाईनं डोकं फिरेल शे," पूजाची आई जाता जाता मोठ्यानं म्हणाली. पण पानं तपासूनच घेऊन गेली. पुढं हा रिवाजच पडला. शनिवारी फाटकाशी रांग लागायची, आया पानं धरून उभ्या आणि मुलं पास-नापास करताहेत.

आमचे मुख्य ट्रस्टी अण्णा. तेही खानदेशचेच, लूमवर काम करत करत स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशिनं टाकलेले, पांढऱ्या पँटीतले, बोलण्यात गुजराती पेरणारे. माणूस वाईट नाही. शाळेसाठी त्यांनी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केलेली आहे. पण समोर इंग्लिश मीडियमची शाळा झाली आणि आमची मुलं गळायला लागली. त्या शाळेच्या पूर्ण आवारात रंगीत सिमेंटचे ब्लॉक होते. अण्णांनी पालकसभा बोलावली आणि परसातही ब्लॉक बसवू म्हणाले.

बाई उठल्या. "परस गेला तर माझा वर्ग गेला. निम्मी गोष्ट तिथं आहे."

"बेन, पालक आले की काय बघतात? चिखल बघतात," अण्णा म्हणाले. "शाळाच बंद पडली तर तुमची फुलपाखरं कुणाला दाखवशो?"

बाईंनी आयांकडे पाहिलं. त्या आपल्या बाजूनं उभ्या राहतील अशी बाईंना खात्री होती. मलाही होती, शनिवारची रांग मी बघितली होती. पूजाची आई उठली. "बाई, तुम्हले फुलपाखरू दिखस, आम्हले चिखल दिखस. पानी एकच टाइम येस. कपडा कोन धोस? आम्हीच ना?"

तिचं काय चुकलं? काही नाही. अण्णांनी हात वर करायला सांगितले आणि सगळे हात वर गेले. माझाही गेला. पूर्ण वर नाही, खांद्यापर्यंत, पण गेला. बाईंनी तो बघितला. मग त्यांनी विरोधात आपला एकटीचा हात वर केला आणि अण्णा "झालं, झालं" म्हणेपर्यंत वरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभेचं इतिवृत्त सह्यांसाठी फिरलं. 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं होतं. मी सही केली. बाईंनी पेन घेतलं, 'सर्वानुमते' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'एक सोडून सर्वांच्या मते'. त्याखाली सही केली. अण्णा संतापले. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, "खोटं चालतं का?" दुसरा खुलासा.

दिवाळीच्या सुट्टीत काम उरकलं. शाळा उघडली तेव्हा रुई बुंध्यापासून तोडलेली, एरंड गेलेला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गुलाबी नि राखाडी ब्लॉक. अण्णांनी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. आयांनी हात जोडले, फुलं टाकली. मला वाटलं, बाई आता रजा टाकतील किंवा निदान गोष्टीचा तास वर्गातच घेतील.

शेवटच्या तासाला कपाटापलीकडून गोष्ट सुरू झाली. एका सुगरण पक्ष्याची होती. अर्ध्यावर पुस्तक फटकन मिटलं. "उरलेली परसात आहे. शोधा."

मुलं नळ्या घेऊन ब्लॉकवर ओणवी झाली. बाई पाठीमागं हात बांधून उभ्या. तासाभरानं प्रत्येकानं काय दिसलं ते कागदावर लिहिलं. ते कागद बाईंनी व्हरांड्यात, अण्णांच्या खोलीच्या दारासमोर, दोरीला टाचले. वर पाटी: आजचं निसर्गनिरीक्षण. खाली कागद. "ब्लॉक." "ब्लॉक." "काही नाही." "गुलाबी ब्लॉक." "काही नाही, बाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिना झाला, दीड महिना झाला, दोरी भरत चालली.

अण्णांनी ते काढायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "मुलांनी दिसलं ते लिहिलंय. तुम्हाला दुसरं काही दिसत असेल तर तुम्ही लिहा, तेही टाचते." आणि एक नळी त्यांच्यापुढं धरली. अण्णांनी घेतली नाही. तिसरा खुलासा.

उतराणीचे, म्हणजे आपल्या संक्रांतीचे, पतंग आकाशात दिसायला लागले होते त्या सुमाराची गोष्ट. पूजाच्या कागदावर दोन शब्द जास्त आले. "ब्लॉक. फटीत पानं."

रुई मुळापासून खणली नव्हती, नुसती तोडली होती. दोन ब्लॉकच्या फटीतून तिनं बोटभर कोंब बाहेर काढला होता. चार पानं, चेमटलेली. मुलांनी रोज नळीतून बघायला सुरुवात केली आणि आठवड्याभरानं खालच्या पानामागं एक अंडं सापडलं. एकच. तिसरीचा वर्ग ओरडला ते माझ्या चौथीनंही ऐकलं आणि माझ्या परवानगीचीही वाट न बघता सगळे पळाले.

शनिवारी सकाळी मी शाळेत आले तर बाई परसात गुडघ्यावर. हातात घरचं पोळ्यांचं लोखंडी उलथणं. फटीत घालून ब्लॉक उचकत होत्या. बाजूला तिसरीची पोरं नळ्या धरून उभी. ब्लॉक हलला, निघाला आणि बाईंनी तो बाजूला ठेवला. कोंब सरळ झाला. तेवढ्यात अण्णा आले. कुणीतरी फोन केला असणार.

"बेन, हे काय चाललंय?"

"कोंब दबत होता."

"शाळेची मालमत्ता आहे ती! परत बसवा."

बाई उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "मी काय चोरी करी ऱ्हायनी का, अण्णा? ब्लॉक आठेच शे."

अण्णाही मग अहिराणीत आले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. "तुम्हले किती सांगानं? चार पानंसाठे?"

"तीन. चौथ्यावर अंडं शे."

फाटकात आया जमल्या होत्या. सवयीनं आल्या होत्या. दिवाळीपासून त्यांना पानं लांबून, नाल्याकडून आणावी लागत होती. रुई पुन्हा फुटल्याचं मुलांनी घरी सांगितलं असणार. सगळ्यांचं लक्ष त्या चार पानांवर.  एका हिसक्यात सगळं संपलं असतं.

पूजाची आई पुढं आली. खाली बसली. पूजाच्या हातातून नळी घेतली आणि डोळ्याला लावून पानामागं बघितलं. बराच वेळ बघितलं. सभेत तिनं जे सांगितलं ते खरं होतं आणि आत्ता ती बघत होती तेही खरं होतं. उठून पदर सारखा करत म्हणाली, "ह्या पानेस्ले कोनी हात लावानं नही. मारुतीले मी दुसरीकडतीन आनसू." मग अण्णांकडे वळली. "एक फरशीतून कितीक चिखल व्हई, अण्णा? मी धोसू."

अण्णा फाटकाकडं वळले. जाताना एवढंच म्हणाले, "एकच. दुसरा निघाला तर बघा."

बाईंनी पुढच्या वर्षी, उतराणीच्या आधीच्या शनिवारी, दुसरा काढला. अण्णांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी एका ओळीत दिला: 'अळीला जागा कमी पडली.' त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. तेच पत्र, तीच ओळ. असं निवृत्तीपर्यंत चाललं. इंग्लिश मीडियमकडं मुलं जायची ती गेलीच. ब्लॉकनं थांबली नाहीत आणि ब्लॉक काढल्यानं वाढलीही नाहीत. तिसरीत तेवीस होती, पुढं एकोणीस झाली. बाई एकोणीस जणांना तेवढ्याच मोठ्यानं गोष्ट वाचत.

निरोपाच्या समारंभात अण्णांनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं. भाषणात म्हणाले, बेननी मला फार त्रास दिला, पण एक सांगतो, त्यांनी कधी पाठीमागं काही केलं नाही, जे केलं ते माझ्यासमोर केलं. सगळे हसले. बाईंना बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला जे बोलायचं ते मी वेळच्या वेळी बोललेय," आणि बसल्या.

चहा झाला. बाई दिसेनात म्हणून मी परसात गेले. माझ्यामागून अण्णा. बाई खाली बसल्या होत्या. साडी नवी होती म्हणून त्यांनी सत्काराची शाल चौघडी करून गुडघ्याखाली घेतली होती. हातात उलथणं. ब्लॉक सुटत आला होता.

"बेन, आज तरी!" अण्णा म्हणाले. "जाता जाता एक माफी तर मागून जा."

"मागितली होती एकदा. जिची मागायची तिची." ब्लॉक निघाला. बाईंनी तो उचलून अण्णांच्या हातात दिला. त्यांच्या पांढऱ्या पँटीला माती लागली. "हा तुमचा. खालचं आमचं."

मग उलथणं साडीच्या आतल्या बाजूला पुसलं आणि माझ्या पर्समध्ये सरकवलं. "माझ्या घरी दुसरं आहे," म्हणाल्या. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्या उठून चालायला लागल्या होत्या. शाल झटकून त्यांनी पुन्हा खांद्यावर घेतली. फाटकातून बाहेर पडताना पाठीवर मातीचे दोन गोल दिसत होते, गुडघ्यांचे. बाईंना मी पाहिलं ते शेवटचं. पुढं त्या शिरपूरला गेल्या आणि गेल्या वर्षी तिथंच वारल्या.

आता खुलाशाचं. उतराणीच्या आधीच्या शनिवारी पूजाच्या धाकट्या बहिणीनं, ती आता माझ्या वर्गात आहे, येऊन सांगितलं की कडेच्या ब्लॉकखालून नवा कोंब येतोय आणि वाकलाय. मी दोन दिवस विचार केला. मग पर्स उघडली. ब्लॉक काढायला मला पाऊण तास लागला. बाईंचं पाच मिनिटांत व्हायचं. अण्णा आता थकलेत, पण पत्र त्यांच्याच सहीनं आलं, तीन दिवसांत उत्तर द्या असं.

आज सकाळी, मुलं प्रार्थना म्हणत असताना, मी ते लिहिलं. माझं म्हणून काही सुचेना. शेवटी कपाटात राहून गेलेली बाईंची फाइल काढली आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. अळीला जागा कमी पडली. खाली सही मात्र माझी आहे.